भार कुठवर सरकला, हे कोण सांगणार?

सोलापूर शहरातून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले म्हणजे औद्योगिक वसाहतीची गजबज मागे पडते आणि थोड्याच वेळात कुंभारीचा माळ लागतो. या माळावर गेल्या दोन दशकांत जे घडले ते महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच घडले असेल. २००६ साली विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत येथे उभी राहिली. पुढे ९ जानेवारी २०१९ रोजी असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांच्या ‘रे नगर’ योजनेची पायाभरणी झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पहिली पंधरा हजार घरे कामगारांच्या हवाली करण्यात आली. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, कागद-काचा वेचणाऱ्या माणसांना स्वतःच्या दाराला स्वतःचे कुलूप लावता आले. या घरांचे श्रेय कोणाचे, यावर आमच्या शहरात पुष्कळ शाई आणि त्याहून अधिक वाचा खर्ची पडली आहे. आम्हांस आज त्या वादात पडावयाचे नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो भाराचा.

तीस हजार घरे म्हणजे लोखंडाच्या किती सळया, सिमेंटची किती पोती, पाण्याच्या किती टाक्या, याचा हिशेब इंजिनिअरांच्या वहीत असेल. पण तो सारा भार कोणीतरी जमिनीवरून उचलावा लागतो. एके काळी तो घमेल्यात भरून बायाबापड्यांच्या डोक्यावरून शिडीने वर चढे. आता त्यांतला मोठा वाटा यंत्राच्या हातून जातो, आणि यंत्राच्या त्या हाताखाली माणूस उभा असतो. कुंभारीत ज्यांना घर मिळाले त्यांत बांधकाम मजूरही आहेत. तो मजूर आपल्या नव्या घरातून सकाळी बाहेर पडतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी घराच्या कामावर जाऊन क्रेनखाली उभा राहतो. संध्याकाळी तो परत येईल की नाही, हे ज्या अनेक गोष्टींवर अवलंबून असते त्यांतली एक लहानशी गोष्ट आज आम्ही पहिल्या पानावर मांडीत आहोत. ती आकाराने मनगटाएवढी आहे. पहिल्या पानाची जागा तिला दिल्याबद्दल काही वाचक हसतील. त्यांनी एवढा मजकूर वाचून मग हसावे.

आपल्या रस्त्यांवर पिवळ्या रंगाची, पुढे लांब हात असलेली चारचाकी क्रेन सर्वांनी पाहिली आहे. तिला लोक सरसकट ‘हायड्रा’ म्हणतात. ती भार उचलते आणि उचललेला भार टांगता ठेवूनच चालू लागते. पुढे एखादा जनित्राचा संच किंवा लोखंडी तुळई डुलत असते, आणि ती फार डुलू नये म्हणून दोरी धरून एक-दोन खलाशी तिच्या शेजारून पावले टाकीत असतात. आत बसलेल्या ऑपरेटरला समोरच्या नगामुळे पुढचा रस्ता नीटसा दिसत नाही. तो खलाशाच्या हाताच्या खुणेवर चालतो. औद्योगिक वसाहतीत, पुलाच्या कामावर, साखर कारखान्याच्या आवारात, रस्त्यावर उलटलेला ट्रक उचलताना, हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की त्यांत भय वाटण्यासारखे काही आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे.

भय आहे ते असे. ‘बारा टनी क्रेन’ म्हटले म्हणजे ती कोणत्याही स्थितीत बारा टन उचलते, अशी समजूत काम सांगणाऱ्याची असते. वस्तुतः तो बारा टनांचा आकडा हात पूर्ण आखडलेला आणि नग क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा असतो. हात लांबवला, म्हणजे बूम बाहेर काढली, की तीच क्रेन त्याच्या एका लहानशा अंशाइतकाच भार पेलू शकते. पाच टनांचा नग टेकूपासून तीन मीटरवर असेल तर उलथवणारा जोर पंधरा टन-मीटर होतो. तोच नग, एक किलोही न वाढता, सहा मीटरवर गेला तर जोर तीस टन-मीटर होतो. नग तोच, क्रेन तीच, पट्टा तोच. बदलले ते फक्त अंतर. क्रेन उलटते तेव्हा ‘वजन जास्त झाले’ असे पंचनाम्यात लिहिले जाते, परंतु पुष्कळदा वजन होते तेवढेच असते, ते दूर सरकलेले असते.

हे ज्ञान आपल्याला नवीन नाही. बैलगाडी हाकणाऱ्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला ‘उलाळ’ आणि ‘धुरजड’ हे दोन शब्द पाठ असत. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे आले की बैलांच्या मानेवर बसते. गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून तोल साधी आणि बैलाच्या मानेकडे पाहून तो साधला की नाही हे ओळखी. मकरसंक्रांतीस सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत उंच नंदीध्वज तोलून नेणारे मानकरी याच विद्येचे धनी आहेत. ध्वज बोटभर कलला तरी ते त्यांच्या कमरेला आधी कळते, पाहणाऱ्याच्या डोळ्याला मागाहून. तोल सांभाळण्याची मुळात रीत हीच, की भार आपल्या अंगाशी बोलत असला पाहिजे.

क्रेनच्या ऑपरेटरशी भार बोलत नाही. त्याच्या हाती दोन-चार दांडे असतात, आणि दांडा दाबावयास लागणारे बळ नग अर्ध्या टनाचा असो की आठ टनांचा, जवळपास सारखेच असते. तेलाच्या दाबाने माणसाचे श्रम वाचवले, पण त्याबरोबर भाराची जाणीवही हिरावून घेतली. मागील चाके जमिनीवरून उचलू लागली म्हणजे त्याला कळते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. ही हरवलेली जाणीव त्याला परत मिळवून देणारे साधन म्हणजे सरक मोजणारे यंत्र. ग्रंथांत त्यास ‘विस्थापन संवेदक’ म्हणतात. उजनीच्या धरणाने ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्या आमच्या जिल्ह्यात ‘विस्थापन’ या शब्दाला निराळाच कढ आहे, आणि तो शब्द या साधनासाठी योजणाऱ्या पंडितांना तो जाणवला नसावा. कामगार त्याला नुसते ‘सेन्सर’ म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

हा सेन्सर करतो तरी काय? कोणतीही वस्तू आपल्या मूळ जागेपासून किती सरकली, हे तो विजेच्या भाषेत सांगतो. त्याचा क्रेनवरचा सर्वांत साधा अवतार अगदी घरगुती आहे. शिंप्याची गुंडाळणारी टेप ओढली की बाहेर येते आणि सोडली की आत जाते. बूमच्या बुडाशी अशीच एक बारीक तार स्प्रिंगच्या फिरकीवर गुंडाळलेली असते, तिचे टोक बूमच्या शेंड्याला बांधलेले असते. बूम लांबली की तार उलगडते, फिरकी फिरते, आणि किती फिरली त्यावरून लांबी कळते. तिच्या जोडीला बूमचा कोन सांगणारा दुसरा सेन्सर आणि सिलिंडरमधील तेलाचा दाब सांगणारा तिसरा. या तिघांच्या साक्षीवरून एक लहानसे गणकयंत्र भार किती व तो किती दूर आहे याचा हिशेब क्षणोक्षणी करते आणि क्रेन बनविणाऱ्याने दिलेल्या कोष्टकाशी ताडून पाहते. मर्यादेच्या साधारण नव्वद टक्क्यांवर आले की पिवळा दिवा लागतो; मर्यादा गाठली की तांबडा, भोंगा वाजतो, आणि तोल बिघडवणारी हालचाल बंद पडते. भार खाली घेण्याची किंवा जवळ ओढण्याची मुभा मात्र राहते. मोठ्या क्रेनांत जमिनीवर टेकविण्याचे जे पाय असतात ते पुरते बाहेर काढले आहेत की अर्धेच, हेही असाच सेन्सर सांगतो. आमच्या जिल्ह्याची काळी जमीन उन्हात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी मऊ होते; तीत एक पाय चार बोटे खचला तर तीस मीटर उंचीवरचा शेंडा किती झुकेल याचा अंदाज डोळ्याने करणे माणसाचे काम नव्हे.

दुसरी एक जात आहे, ती अधिक चतुर. पोकळ वेटोळ्यांच्या मधोमध लोखंडाचा गाभा सरकतो आणि त्याच्या सरकण्याने वेटोळ्यांतील वीज बदलते. गाभा वेटोळ्यांस शिवत नाही, म्हणून झिजत नाही. अमेरिकेत हर्मन शेविट्झ यांनी १९४६ साली या साधनावर लिहून त्याचा कारखान्यांत प्रसार केला. तिसरी जात सिलिंडरच्या पोटातच राहते. लोखंड चुंबकित केले की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ साली पाहिले होते. त्याच गुणावर ती चालते. दट्ट्यावर चुंबकाची एक कडी बसवतात, मधून एक धातूची तार जाते, तारेत विजेचा ठोका दिला की कडीजवळून एक लहर निघते आणि सेकंदास तीन हजार मीटरच्या आसपास वेगाने तारेच्या टोकाशी पोहोचते. तिला लागलेल्या वेळावरून दट्ट्या कोठे आहे हे मिलिमीटरच्याही अंशापर्यंत कळते. तेल, धूळ, हादरे, कशाचीही तिला बाधा नाही. एवढे यंत्रपुराण वाचकांस सांगण्याचे कारण इतकेच, की हे साधन कोण्या प्रयोगशाळेतले नाजूक खेळणे आहे असा समज राहू नये. ते धुळीत आणि चिखलात काम करण्यासाठीच घडविलेले आहे.

आणि सोलापूर जिल्ह्यास तर त्याची ओळख करून देण्याची गरजच नाही. महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा. गळीत हंगाम सुरू झाला, गव्हाणीत मोळी पडली, की ऊस चरकात जातो. चरकाची वरची लाट पक्की जखडलेली नसते. तेलाच्या दाबाखाली ती तरंगती असते. उसाचा थर जाड आला की ती किंचित वर उचलली जाते, पातळ आला की खाली बसते. ती दोन्ही टोकांना सारखी उचलली पाहिजे. एका टोकाला अधिक आणि दुसऱ्या टोकाला कमी उचलली गेली तर पिळण एकसारखी होत नाही आणि भुशाबरोबर रस वाया जातो. म्हणून चांगल्या कारखान्यांत लाटेच्या दोन्ही टोकांस सेन्सर बसवितात, आणि लाट किती मिलिमीटर वर गेली हे नियंत्रण कक्षातील पडद्यावर रात्रंदिवस दिसत राहते. रस म्हणजे पैसा. तो एक टक्काही भुशात जाऊ नये म्हणून ही दक्षता. त्या दक्षतेबद्दल आमची तक्रार नाही, उलट कौतुकच आहे.

पण त्याच कारखान्याच्या आवारात बाहेर या. हंगामापूर्वीच्या दुरुस्तीत तीच लाट, कित्येक टनांची, चरकातून उचलून बाहेर काढावी लागते. उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या करणारी यंत्रे पट्टे आणि साखळ्या ओढीत असतात. बाहेरून भाड्याने आणलेली हायड्रा जाडजूड नळ आणि टाक्या हलवीत असते. लाट चरकात फिरत असताना ती किती मिलिमीटर उचलली याची नोंद होते. हुकाला टांगून माणसांच्या डोक्यांवरून चालली असता ती क्रेनपासून किती मीटर दूर गेली याची नोंद कोठे होते काय? व्यवस्थापकांनी, संचालकांनी आणि अध्यक्षांनी हा प्रश्न आम्हांस उत्तर देण्यासाठी नव्हे, आपल्या आवारात जाऊन स्वतःला विचारावा.

मागांचेही तसेच. सोलापुरी चादर आणि टॉवेल विणणाऱ्या या शहरात नव्या मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक बारीक पत्ती टांगलेली असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि माग त्या क्षणी आपोआप थांबतो. जपानात साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच थांबणारा आपला स्वयंचलित माग १९२४ साली पूर्णत्वास नेला; या कल्पनेचे वय आता शंभर वर्षांचे झाले. टॉवेलमध्ये एक धागा कमी पडू नये म्हणून यंत्राला थांबता यावे, ही बुद्धी आपल्याला झाली. कामगाराच्या डोक्यावर लोंबणाऱ्या भारासाठी तीच बुद्धी होण्यास इतका विलंब का?

कायद्याने ही गोष्ट सांगितलेली नाही असे कोणी म्हणू नये. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने भार उचलणाऱ्या प्रत्येक यंत्राची, दोरखंडाची आणि साखळीची वर्षातून निदान एकदा जाणकार व्यक्तीकडून तपासणी आवश्यक ठरविली आणि सुरक्षित भाराची मर्यादा ओलांडण्यास मनाई केली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. हाताच्या चढउतारानुसार जिची पेलण्याची मर्यादा बदलते अशा प्रत्येक क्रेनवर सुरक्षित भार दाखविणारे स्वयंचलित दर्शक असले पाहिजे, मर्यादा ओलांडताच त्याने ऑपरेटरला इशारा दिला पाहिजे आणि शक्य तेथे हालचाल आपोआप थांबली पाहिजे, असे त्या नियमांत स्वच्छ लिहिले आहे. आता हे दोन्ही कायदे २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेत विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. जुने कलम गेले आणि नवे अजून अंगवळणी पडले नाही, या सबबीचा फायदा कसा घ्यावा हे आपल्याकडे ठेकेदारांस कोणी शिकवावे लागत नाही. नव्या संहितेखालील नियम राबविताना स्वयंचलित दर्शकाची ही जुनी सक्ती एका शब्दानेही पातळ होता कामा नये.

१ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतरचा प्रसंग वाचक विसरले नसतील. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळया जागेवर बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस माणसे मेली. त्यांतले बरेचसे दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले होते. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १ ऑगस्ट २०२० रोजी, विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात नव्या क्रेनची भार-चाचणी चालू असता ती क्रेन कोसळून अकरा जण ठार झाले होते. १ ऑगस्ट हा लोकमान्यांच्या पुण्यतिथीचा आणि अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचा दिवस. कष्टकऱ्यांच्या गौरवाची भाषणे ज्या दिवशी व्यासपीठांवरून होतात त्याच दिवशी दोनदा असे घडावे, हा योगायोग आहे. पण तो बोचणारा आहे.

या दोन अपघातांची कारणे ठरविणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. तेथे अमुक सेन्सर असता तर अनर्थ टळला असता असे आम्ही म्हणत नाही, कारण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. भार उचलणारी यंत्रे नाना कारणांनी पडतात. बोल्ट ढिला असतो, वारा उठतो, जोडणी चुकते, जमीन दगा देते. सेन्सर हा त्या साऱ्यांवरचा उतारा नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच, की तुळया सरकविणारी आणि पूल उचलणारी यंत्रे जेथे चार-चार, आठ-आठ जॅकवर भार पेलतात, तेथे सारे जॅक एकाच गतीने वर जात आहेत की एखादा मागे राहिला आहे, हे प्रत्येक जॅकच्या सरकेवरून तत्काळ कळण्याची सोय आज उपलब्ध आहे. एक जॅक दहा मिलिमीटर मागे राहिला तर त्याचा भार शेजाऱ्याच्या अंगावर जातो, आणि हे घडताना वरून पाहणाऱ्यास काहीही दिसत नाही. सोय उपलब्ध असता ती न वापरणे आणि मग दैवाला दोष देणे, हे आम्हांस मान्य नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. सोलापुरात क्रेन भाड्याने देणारे सारेच काही धनाढ्य नव्हेत. कित्येकांच्या नावावर एकच क्रेन असते, तिचे हप्ते फिटलेले नसतात आणि मालकच कधीकधी ऑपरेटर असतो. जुन्या क्रेनवर पूर्ण दर्शक-यंत्रणा बसवावयाची म्हणजे त्याच्या दृष्टीने मोठा खर्च. बसविली तरी तिची देखभाल करणारा माणूस जवळपास मिळत नाही. बिघडली की पुण्या-मुंबईकडे डोळे लावावे लागतात. दोन दिवस क्रेन उभी राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. ज्याच्याकडे दर्शक नाही तो स्वस्तात काम करतो आणि ज्याने बसविला तो महाग ठरतो, अशी उलटी रीत आज आहे. म्हणून एकट्या क्रेनमालकास धारेवर धरून हा प्रश्न सुटणार नाही. काम देणाऱ्याने दर ठरवितानाच दर्शकाची किंमत त्यांत धरली पाहिजे. जो ठेका देतो तोच या अनागोंदीचा खरा धनी आहे, मग तो कारखाना असो, महानगरपालिका असो वा सार्वजनिक बांधकाम खाते.

याहून अवघड गोष्ट आहे ती खोट्या सेन्सरची. तार गंजून अडकली, कोन दाखविणारी पेटी जागची हलली, गणकयंत्रात दुसऱ्याच क्रेनचे कोष्टक राहिले, तर दर्शक शांतपणे हिरवा दिवा दाखवीत राहतो. डोळ्यांवर विश्वास ठेवणारा ऑपरेटर निदान सावध असतो; खोट्या दिव्यावर विसंबलेला बेसावध असतो. यास्तव दर वेळी माहीत असलेले वजन, माहीत असलेल्या अंतरावर उचलून दर्शक खरे बोलतो की नाही हे पडताळले पाहिजे. बाजारातला काटा वजनमापे खाते तपासते, त्यावर शिक्का मारते, आणि पाव किलो कांद्यात दहा ग्रॅम कमी भरले तर गिऱ्हाईक भांडते. क्रेनच्या काट्यावर शिक्का कोणाचा?

आणि सर्वांत शेवटी ती चावी. दर्शक-यंत्रणा असलेल्या बहुतेक क्रेनांत तिला गप्प बसविण्याची एक चावी असते. सुटे भाग जोडताना, यंत्र दुरुस्त करताना तिची खरोखरच गरज पडते. परंतु प्रत्यक्षात काय होते हे कामावर गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. भोंगा वाजू लागतो, हालचाल थांबते, नग अर्ध्यावर लोंबतो. भाडे तासावर चाललेले, काँक्रीटची गाडी खोळंबलेली, मुकादम खालून ओरडतो, “अरे, घे की थोडं पुढं!” ऑपरेटर चावी फिरवितो. भोंगा थांबतो. शंभरदा काही होत नाही. त्या शंभर वेळांनी त्याची खात्री पटते की यंत्र उगाच भितरे आहे. युरोपातील फिरत्या क्रेनांच्या मानकात २०१० च्या सुमारास ही चावी कठोर मर्यादांत आणली गेली, ती याच अनुभवामुळे. ज्या देशांत यंत्र-शिस्तीचा एवढा गाजावाजा आहे तेथेही माणसाचा हात चावीकडे जातोच, तर आपण निराळे असण्याचे कारण नाही.

ऑपरेटरला दोष देणे सोपे आहे. पण त्याची रोजी मुकादमाच्या हाती, मुकादमाची ठेकेदाराच्या हाती, आणि ठेकेदाराचे बिल साहेबाच्या सहीवर. अशा साखळीच्या तळाशी असलेल्या माणसाने भोंगा ऐकून काम थांबवावे अशी अपेक्षा करावयाची असेल, तर थांबविल्याबद्दल त्याचा रोज कापला जाणार नाही हे त्याला लेखी कळले पाहिजे.

सोलापूर महानगरपालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खाते, औद्योगिक विकास महामंडळ आणि जिल्ह्यातील साखर कारखाने यांना आमचे सांगणे असे आहे. यापुढील प्रत्येक निविदेत, चालत्या व पडताळलेल्या भारदर्शकाशिवाय कोणतीही क्रेन कामावर घेतली जाणार नाही, ही अट घालावी आणि तिचा खर्च दरात धरावा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने क्रेनची कागदपत्रे पाहून परत न जाता बूम लांबवून, वजन टांगून, भोंगा वाजतो की नाही हे कानाने ऐकावे. आमच्या शहरात तंत्रनिकेतने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. दर्शक बसविणे व पडताळणे यांचा छोटा अभ्यासक्रम तेथे सुरू झाला तर पुण्या-मुंबईकडे पाहण्याची वेळ येणार नाही आणि विडी कामगारांच्या शिकलेल्या मुलांना घराजवळ एक नवा धंदा मिळेल. एकच क्रेन असलेल्या मालकास दर्शकासाठी सवलतीचे कर्ज द्यावे. साखर कारखाने उसाच्या रोपांपासून ठिबकापर्यंत सभासदांस उधारी देतात. ही उधारी त्याहून अशक्य नाही.

कुंभारीच्या माळापासून या कामास आरंभ व्हावा असे आम्हांस वाटते. तेथे यापुढे शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, जे जे उभे राहील त्याच्या कार्यादेशात एक ओळ घालावी. दर्शक बंद करण्याची चावी ऑपरेटरकडे अगर मुकादमाकडे न राहता कामावरील शासकीय अभियंत्याकडे मोहोरबंद राहील. ती ज्या ज्या वेळी काढली जाईल त्या वेळेची, कारणाची आणि काढणाऱ्याच्या नावाची नोंद एका वहीत होईल. आणि ती वही मजुरांच्या प्रतिनिधीस मागेल तेव्हा पाहता येईल. या ओळीस शासनाच्या तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही. ती घालण्यास कोणाची हरकत असेल तर त्याने आपल्या नावानिशी आम्हांस लिहावे. आम्ही त्याचे पत्र याच जागी छापू.